रक्ताचा कर्करोग : ताप अंगावर काढू नका

अंगात कणकण असली तरी आधी पेरणी उरकायची, मग डॉक्टरकडे जायचे, ही आपली जुनी सवय. पण घरात रक्ताच्या कर्करोगाचा रोगी असेल तर हीच सवय जिवावर बेतते. म्हणून या रोगाविषयी काही मोजक्या गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

रक्ताच्या पेशी हाडांतील मगजात तयार होतात. शेतात तण माजले की पिकाला जागा उरत नाही, तसे मगजात बिघडलेल्या पेशी माजल्या की चांगल्या पेशी कमी पडतात. हा ल्युकेमिया. शरीरातील ग्रंथींत सुरू होतो तो लिम्फोमा, आणि बहुधा उतारवयात हाडे पोखरतो तो मायलोमा. यांपैकी एकही रोग्याजवळ बसल्याने किंवा त्याच्यासोबत जेवल्याने होत नाही.

अंग फिके पडणे, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग. मान, काख वा जांघेत न दुखणारी गाठ, रात्री दरदरून घाम, वजन घटणे, हाडांचे सततचे दुखणे, ही लक्षणे ओळखावीत. पुष्कळदा त्यांचे कारण दुसरेच, साधे असते. तरी दोन आठवड्यांत उतार न पडल्यास रक्तपेशींची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. रक्त वाहत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपचारांनी पुष्कळ रोगी बरे होतात. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात दोन-तीन वर्षांचा उपचार पुरा केला तर बहुतेक मुले बरी होतात. सीएमएल या प्रकारावर २००१ पासून इमॅटिनिबची गोळी आहे. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून काढतात. मात्र तिचा पाला वाटून पिऊ नये, तो विषारी असतो.

केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी फार घटतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. घरी थर्मामीटर ठेवावा. रोग्याने गोठा, शेणखत, कुजका कडबा व धान्याची धूळ यांपासून दूर राहावे. दूध उकळूनच द्यावे. घरच्यांनी साबणाने हात धुवावेत.

मळमळ होत असल्यास थोडे थोडे खाऊ घालावे, आणि उलटीची गोळी सांगितल्या वेळी द्यावी. तोंड आले तर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भराव्यात. हातापायांना मुंग्या येत असतील तर अनवाणी शेतात जाऊ नये. काटा रुतलेला कळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन घेऊ नये, गावात इंजेक्शनही टोचून घेऊ नये. रक्त थांबत नाही. केस गळतात ते पुन्हा येतात.

खर्चाच्या धास्तीने उपचार अर्धवट सोडू नये. आयुष्मान भारतसारख्या योजनांची चौकशी रुग्णालयातच करावी. आणि शेजाऱ्यांनो, अशा घरची मळणी उरकून देणे, रात्री-अपरात्री गाडी काढणे, रक्त देणे, ही मदत औषधाइतकीच मोलाची आहे.