गुण दिले, वेळ नाही

१९५२ साली कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थी खेळाडूच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे काय, याचं याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्राकडे नाही. पण तो एका माणसाचा मोठेपणा होता. व्यवस्था अशी नव्हतीच.

ती आली १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांनंतर. त्या स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं, १९९६मध्ये क्रीडापीठ झालं. कोवळ्या वयातच चाचण्या घेऊन मुलं निवडायची आणि त्यांचं राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं सरकारने सांभाळायचं, ही क्रीडा प्रबोधिनीची कल्पना. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९मध्ये याच वाटेने गेला आणि २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकहून नेमबाजीचं कांस्य घेऊन आला. हेलसिंकीत खाशाबांनी जिंकलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली होती.

प्रबोधिनीबाहेरच्या मुलांसाठी मात्र सरकारी मदत प्रामुख्याने दोनच रूपांत दिसली: दहावी-बारावीला जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण आणि २००५पासून सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. दोन्ही मोलाची, आणि त्यातूनच बोगस प्रमाणपत्रांचा धंदाही फोफावला. माझी तक्रार वेगळी आहे. गुण आणि नोकरी, दोन्ही खेळून झाल्यावर मिळतात. खेळत असताना मुलाला हवी असते ती सवड. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढता चढता पहिलं सत्र संपतं, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात नाव आलं की सराव परीक्षा समोर उभी. वर्गशिक्षिका हजेरीपट दाखवतात, पीटीचे सर बोनाफाईड आणि सवलतीच्या गुणांच्या प्रस्तावाच्या झेरॉक्स गोळा करत फिरतात, आणि रसायनशास्त्राचं बुडालेलं प्रात्यक्षिक कोण करून घेणार, हे कुणीच विचारत नाही. गुण वाढवायला कुणाच्या खिशाला चाट बसत नाही; वेळापत्रक हलवायचं तर कुणाला तरी जादा काम करावं लागतं.

सीबीएसईने २०१८मध्ये ते केलं. हरियाणाचा पंधरा वर्षांचा नेमबाज अनीश भानवाला दहावीत होता. त्याचे काही पेपर बोर्डाने नंतर घेतले. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं. पुढे स्पर्धेमुळे परीक्षा हुकणाऱ्या इतर खेळाडूंनाही ही सोय मिळाली. उलट २०२२मध्ये चेन्नईच्या प्रज्ञानंदाने ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत अनीश गिरीला हरवलं ते रात्री दोनच्या सुमारास, आणि सकाळी अकरावीचा पेपर! आपण त्याचं कौतुक केलं. त्याला झोप कधी मिळाली, हेही विचारायला हवं होतं.

आयआयटी मद्रासने २०२४पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमाला दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी. पण त्यासाठी जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव लागावं लागतं. म्हणजे रेंजवर किंवा मैदानावर दिवस घालवून क्लासही सांभाळायचा. तेवढं जमणारी मुलं किती असणार? राज्य स्पर्धेत चौथा येऊन थांबणारा तर या हिशेबात बसतच नाही. त्याला पदक नाही, नोकरी नाही; असते ती बारावीची गुणपत्रिका, आणि तिच्यावरचे रसायनशास्त्राचे गुण त्या बुडालेल्या प्रात्यक्षिकासकट.