चौकातल्या पोलिसाचा हात

 

मागच्या बैठकीत हप्त्यांचं झाल्यावर विषय निघाला स्कूटीच्या लायसनचा. आमच्या गटातली एक जण लर्निंग लायसनच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. पुस्तकात पोलिसाच्या हाताची चित्रं होती. ती म्हणाली, "हे कशाला पाठ करायचं? आता तर चौकाचौकात दिवे आहेत." त्यावर आमच्या गटातल्या एक मावशी हसल्या. लग्नाआधी त्या सोलापुरात विड्या वळायच्या. म्हणाल्या, "तवा कुठले गं दिवे? चौकात मधोमध गोल कट्टा, त्याच्यावर छत्री अन् छत्रीखाली पोलीस. डोक्यावर पाटी घेऊन मी त्याच्या हाताकडं बघत उभी ऱ्हायची. त्यानं हात आडवा केला, गाड्या थांबल्या, की पलीकडं."

ज्या बायकांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांना हा हात वाचता येत होता. पांढरा शर्ट, खाकी पँट, तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्यांच्या माना वळायच्या आणि मग हात बोलायचा. आज तो पोलीस बऱ्याच ठिकाणी चौकाच्या कडेला दिसतो, हातात दंडाचं मशीन घेऊन. गाड्या इतक्या वाढल्या की एका माणसाचे दोन हात पुरेनात, म्हणून दिवे आले, हे खरं. पण दिव्याला पाटीवाली बाई दिसत नाही. पोलिसाला दिसायची.

गंमत म्हणजे जगातला पहिला वाहतुकीचा दिवासुद्धा पोलीसच हातानं फिरवायचा. १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ तो बसवला होता. गॅसवर चालायचा. थोड्याच दिवसांत गॅसचा स्फोट झाला आणि तो चालवणारा पोलीसच भाजला.

आता त्या चित्रांकडं येऊ. पोलिसानं उजवा हात सरळ वर केला, तळवा समोर, तर त्याच्या समोरून येणाऱ्यांनी थांबायचं. हात वरच का? उसाच्या ट्रॉलीमागं, बैलगाडीमागं जो अडकलाय त्यालाही दिसावा म्हणून. डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला, तर त्याच्या पाठीमागून येणाऱ्यांनी थांबायचं. मागं त्याला डोळे नाहीत, म्हणून तो हाताचंच फाटक करतो. रेल्वेचं फाटक पडलं की आपण विचारत बसतो का? तसंच. एक हात वर आणि एक आडवा, म्हणजे पुढचे आणि मागचे दोघंही थांबा. हात स्वतःकडं हलवून 'या' म्हणणं तर शिकवायला नको.

पण इथंच आपली फसगत होते. तो 'या' बहुतेक वेळा गाड्यांना असतो, आपल्याला नाही. म्हणून हाताआधी त्याचं तोंड कुणाकडं आहे ते बघा. तो ज्याच्याकडं बघतोय, त्याच्याशी बोलतोय. आणि त्या वेळी गाडीवाल्याचंही लक्ष पोलिसाकडंच असतं, मधेच रस्त्यात उतरलेल्या बाईकडं नसतं. लेकरू बरोबर असेल तर ज्या बाजूनं गाड्या येतात त्या बाजूला आपण राहायचं.

आणखी एक. समोर हिरवा दिवा आहे पण पोलिसानं थांबवलं, तर काय करायचं? थांबायचं. पोलिसाचा हात दिव्यापेक्षा मोठा. ॲम्ब्युलन्स येत असेल, पुढं अपघात झाला असेल, ते दिव्याला कळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम ११९ मध्ये वाहन चालवणाऱ्यानं वाहतूक पोलिसाच्या सूचना पाळल्याच पाहिजेत असं म्हटलंय. स्कूटीवर बसलो की आपणही वाहनचालकच. तेव्हा ती चित्रं परीक्षेपुरती नाहीत.

आपल्या जिल्ह्यात हा हात संपलेलाही नाही. तो बघायचा तर तुळजापूरला बघा. नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं चालत येतात, रात्रभर रस्ता वाहतो. वाहनं दुसऱ्या रस्त्यांनी वळवतात आणि जिथं रस्ते फुटतात तिथं पोलीस आणि होमगार्ड हातानंच गर्दी हाकतात. रात्री हातात लाल उजेडाची दांडी असते, ती म्हणजे लांब केलेला हातच. चालणाऱ्या जणींनी अंधारात उठून दिसेल असं फिकं लुगडं, फिकी साडी नेसावी. काळ्या शालीत गुरफटून रस्त्याच्या मधून चालू नये.

त्या बंदोबस्तात आता बाईपोलीसही असतात. बारा-बारा तास उभं राहायचं, पाय सुजतात, आणि अनेक जणी पाणीच कमी पितात. का ते तुम्हाला मी सांगायला नको. जवळपास जायला जागा नसते. वाटेवरच्या गावांत नवरात्रात गटातल्या बायका चहा-पाण्याचा मंडप टाकतात, ते चांगलंच आहे. त्या मंडपाजवळ ज्यांच्या घरी संडास आहे त्यांनी दारावर पाटी लावा, आणि ड्युटीवरच्या ताईला पाण्याचा तांब्या देताना तेवढं कानात सांगा.