बूस्टरच्या आधी

इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या गल्लीत मान वर करून पाहिलं, तर धुराड्यांना बांधलेले अँटेने दिसतात. आपल्याकडे गच्च्यांवरून केव्हाच नाहीसा झालेला हा काड्यांचा सांगाडा तिथे अजून रोजच्या कामाचा आहे. ३० ऑक्टोबर २००२ला सुरू झालेली ‘फ्रीव्ह्यू’ ही डिजिटल सेवा मनोऱ्यांवरून हवेतून येते आणि छपरावरच्या अँटेन्याने पकडता येते. महिन्याचं भाडं नाही. टीव्हीचं लायसन्स मात्र भरावं लागतं, त्यातून सुटका नाही. डिजिटल म्हणजे चित्र लख्खच असणार, असा नव्याने तिकडे गेलेल्या मराठी माणसाचा समज असतो. मग विम्बल्डनच्या ऐन टायब्रेकला पडद्यावर चौकोन चौकोन होतात, आवाज टक् टक् करत तुटतो आणि निळ्या पट्टीत ‘सिग्नल नाही’ असं उमटतं. घरातला कर्ता माणूस दुसऱ्या दिवशी दुकानातून बूस्टर घेऊन येतो. दहातल्या बऱ्याच घरांत ते पैसे पाण्यात जातात.

यामागे आपली जुनी सवय आहे. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. तेव्हापासून दोन पिढ्या अँटेन्याशी झटापट करत वाढल्या. सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. आणखी कमी झाला की मुंग्या वाढायच्या, पण त्यांच्याआडून माणसं ओळखू यायची, संवाद ऐकू यायचे आणि सिनेमा पुरा व्हायचा. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून उशिरा पोचलेल्या लहरींमुळे प्रत्येक माणसाला शेजारी एक फिकी सावली असायची. त्याला सगळे ‘डबल दिसतंय’ म्हणत आणि तसंच बघत. म्हणजे अ‍ॅनालॉग चित्र हळूहळू बिघडायचं आणि बिघडताना सांगून बिघडायचं.

डिजिटल सांगत नाही. ब्रिटनच्या साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या प्रक्षेपणात एकेका फ्रीक्वेन्सीवर एक नव्हे, ६८१७ बारीक वाहक लहरी शेजारी-शेजारी चालतात आणि माहिती त्यांच्यात वाटून दिलेली असते. प्रत्येक तुकड्यानंतर थोडी मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे आपटून उशिरा आलेली लहर त्या जागेत जिरून जाते. ‘डबल दिसणं’ कायमचं बंद झालं ते यामुळे. शिवाय माहितीबरोबर दुरुस्तीचे जादा आकडे पाठवलेले असतात. वाटेत काही बिट चुकले तर टीव्ही ते स्वतःच दुरुस्त करतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. चुका वाढतात, टीव्ही दुरुस्त करत राहतो, चित्र लख्खच. मग एक हद्द येते. तिच्यापलीकडे एक-दोन डेसिबलचा फरक पडला की सगळंच कोसळतं.

म्हणून चित्र छान दिसतंय यावरून काहीच कळत नाही. त्या हद्दीच्या वर तुमच्याकडे हातचा किती शिल्लक आहे, हा खरा प्रश्न. तो दोन डेसिबलच असेल तर ओली पानं, सुटलेला वारा किंवा शेजाऱ्याने उभी केलेली परांची, कशानेही तो संपतो. सेटिंगच्या मेन्यूत दोन पट्ट्या दिसतात : एक ताकद, दुसरी गुणवत्ता. लोक पहिली बघतात. बघायची ती दुसरी. ताकद ऐंशी टक्के आणि गुणवत्ता हेलकावे खाणारी, असं असेल तर सिग्नल भरपूर आहे पण गढूळ आहे, आणि त्यावर बूस्टर हा उपाय नव्हे.

आपली ती गच्चीवरची जुनी पद्धतही इथे चालत नाही. वर एक जण अँटेना फिरवतोय, खिडकीत दुसरा, टीव्हीसमोर तिसरा, आणि ‘आलं, आलं, गेलं, मागे घे’ असा पुकारा. डिजिटल चित्र उलगडायला टीव्हीला एक-दोन सेकंद लागतात, तोवर वरच्याने अँटेना आणखी पुढे नेलेला असतो. बोटभर फिरवायचं, थांबायचं, गुणवत्तेची पट्टी स्थिरावू द्यायची, मग पुढचं बोटभर. शक्यतो सगळ्यात दुबळी वाहिनी लावून हे करावं. जी आधीच ठणठणीत आहे तिच्यावर काहीच समजत नाही.

बूस्टर काय करतो? जे हाती येईल ते मोठं करतो. गणपतीच्या मंडपात माइकवरचा माणूस पुटपुटत असेल, तर मोठा कर्णा लावून पुटपुटणंच मोठं ऐकू येतं. त्यातून बूस्टरची स्वतःची खरखर मिसळते ती वेगळी. टीव्हीच्या पाठीशी लावलेल्या बूस्टरपर्यंत पोचताना सिग्नल केबलमध्ये आधीच मार खाऊन आलेला असतो. तिथे गमावलेली शुद्धता परत मिळत नाही. बूस्टर खरंच लागणार असेल, तर तो वर, अँटेन्याच्या खांबावर लावायचा. म्हणजे केबलची वाट सुरू होण्याआधीच सिग्नलला बळ मिळतं.

खांबावरच्या या बूस्टरला वीज त्याच केबलमधून चढते आणि तिचा छोटा अ‍ॅडॅप्टर घरात कुठेतरी कपाटामागे लपलेला असतो. लीड्समधल्या एका ओळखीच्या घरी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. कपाटामागे दिवा लुकलुकतोय आणि त्याला जोडलेलं तर काही दिसत नाही, म्हणून त्यांनी वीज वाचवायला ते बटण बंद केलं. दोन-तीन दिवस घरात टीव्ही नाही. जावई शिडी आणायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, ते मागचं बटण मी बंद केलंय, त्याचा काही संबंध नसेल ना?” खांबावरचा बूस्टर बंद पडला की त्यातून सिग्नल जवळजवळ जातच नाही. घर नवीन घेतलं असेल तर आधी असे अ‍ॅडॅप्टर शोधावेत.

माझ्या मते सगळ्यात जास्त बिघाड केबलमध्ये असतात, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी बघितलं जातं. चांगली केबल कापून पाहिली तर मधोमध भरीव तांब्याची तार, भोवती पांढरा फेस, त्यावर तांब्याची पातळ पत्री, मग घट्ट विणलेली तांब्याची जाळी आणि बाहेर काळं आवरण. जुन्या घरांतली तपकिरी केबल कापा : आत पत्री नाही, जाळी इतकी विरळ की खालचा फेस दिसतो. अशा केबलमध्ये सिग्नल वाटेत गळतो आणि बाहेरचा कचरा आत शिरतो. फ्रिजचा थर्मोस्टॅट चालू होताना किंवा रस्त्यावरून मोटरसायकल जाताना चित्राला हिसका बसत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. चांगली केबल दहा मीटरमागे साधारण दोन डेसिबल खाते. खराब आणि ओली किती खाईल याचा नेम नाही.

पाणी हा केबलचा मोठा शत्रू. छपरावर ऊन-वाऱ्याने आवरणाला एक चीर पडते, पावसाचं पाणी जाळीतून खाली झिरपत राहतं आणि कधी कधी थेट दिवाणखान्यातल्या प्लगमधून थेंबथेंब टपकतं. जाळी काळी किंवा हिरवी पडलेली दिसली की तो तुकडा कापून टाकण्यात काही अर्थ नाही, सगळी केबल बदलावी. भिंतीतून आत येण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. प्लगही उघडून बघावेत. जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला, तरी सगळा खेळ खलास. आणि तो तंतू चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही.

वरच्या खोलीत दुसरा टीव्ही घेतला की लोक दोन तोंडांचा स्प्लिटर लावतात. त्यात सिग्नल निम्म्याहून थोडा कमी होतो, म्हणजे साधारण साडेतीन-चार डेसिबल गेले. हातचा तेवढाच असेल, तर दोन्ही टीव्ही बंद. एक टीव्ही थेट जोडून पाहिला की हे दोन मिनिटांत समजतं.

हे सगळं ठीक असेल तर मग दिशा. पश्चिम यॉर्कशरमध्ये बहुतेक अँटेने एम्ली मूरच्या काँक्रीटच्या मनोऱ्याकडे तोंड करून असतात. हा मनोरा ३३० मीटर उंच. त्याआधी तिथे तारांनी ताणलेला ३८६ मीटरचा पोलादी खांब होता. १९ मार्च १९६९ला बर्फाच्या ओझ्याने आणि वाऱ्याने तो कोसळला. यॉर्कशरच्या पश्चिम कडेच्या गावांत मात्र पेनाइन डोंगरापलीकडचा, लँकेशरमधला विंटर हिल मनोराही पोचतो. टीव्ही आपोआप ट्यूनिंग करताना दोन्ही पकडतो, आणि कधी दुबळ्यालाच मुख्य मानून दुसऱ्याच्या वाहिन्या ८००च्या पुढे ढकलतो. बातम्या लीड्सऐवजी मँचेस्टरच्या दिसू लागल्या की समजावं. अशा वेळी सगळं पुसून, आपल्या मनोऱ्याच्या फ्रीक्वेन्सींचे नंबर बघून हाताने ट्यूनिंग करावं.

हेब्डन ब्रिज, टॉडमर्डनसारखी गावं खोल खोऱ्यात आहेत. तिथे मुख्य मनोरा दिसत नाही, म्हणून छोटे सहप्रक्षेपक उभारलेले आहेत. देशभर लहान-मोठे मिळून अकराशेहून अधिक मनोरे. मोठ्या मनोऱ्यांची लहर बहुतांशी आडवी, छोट्यांची उभी. म्हणून अँटेन्याच्या काड्याही त्याप्रमाणे आडव्या किंवा उभ्या हव्यात. काड्या चुकीच्या धरल्या तर समोरचा मनोराही ओळख देत नाही. शिवाय बहुतेक छोट्या प्रक्षेपकांवरून वाहिन्यांचे सहाऐवजी तीनच गट प्रसारित होतात. शेजारच्या गावात दिसणारी वाहिनी इथे हवेतच नसेल, तर कितीही भारी अँटेना लावा, ती येणार नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

मनोऱ्याच्या अगदी जवळ राहणाऱ्यांची गंमत उलटी. तिथे सिग्नल जास्त होऊन टीव्ही गुदमरतो आणि लक्षणं तीच : चौकोन, तुटका आवाज. तिकडचे कारागीर टीव्हीपाशी ४५ ते ६५ डेसिबल-मायक्रोव्होल्ट इतकी पातळी योग्य मानतात. त्याहून फार वर गेलं, तर सिग्नल कमी करणारी बोटभर लांबीची नळी, अ‍ॅटेन्युएटर, लावायची. त्यात मोबाइलची भर पडली आहे. टीव्हीच्या जुन्या पट्ट्यातला वरचा भाग आधी फोर-जीला आणि २०२० सालापर्यंत आणखी एक भाग फाइव्ह-जीला गेला. टीव्हीकडे आता २१ ते ४८ एवढेच नंबर उरले. जुना अँटेना आणि जुना बूस्टर मात्र अजून ६८पर्यंतचं सगळं उचलतात, म्हणजे समोरच्या मोबाइल टॉवरलाही मोठं करून टीव्हीत ढकलतात. त्यासाठी फिल्टर मिळतो. तो बूस्टरच्या आधी लावायचा असतो. नंतर लावला तर काय उपयोग?

अँटेना बदलायचाच असेल तर ‘डिजिटल अँटेना’ या पाटीला भुलू नये. लहर अ‍ॅनालॉग की डिजिटल हे धातूच्या काड्यांना कळत नाही. १९२०च्या दशकात जपानमधल्या सेंदाई इथे उदा आणि यागी यांनी जी रचना मांडली, तीच आजही धुराड्यांवर आहे : मागे परावर्तक, मधे तार जोडलेली काडी, पुढे आखूड काड्यांची रांग, आणि रांगेचं टोक मनोऱ्याकडे. सिग्नल बऱ्यापैकी असेल तर मी लॉग-पीरिऑडिक जातीचा अँटेना घेईन. त्याची पकड थोडी कमी, पण सगळ्या नंबरांवर सारखी, आणि तो नको ते कमी उचलतो. माळ्यावर लावणं सोयीचं असतं, पण ओल्या कौलांखाली सिग्नल निम्म्याहून कमी होऊ शकतो.

आणि कधी दोष आपल्या घरात नसतोच. ऑगस्ट २०२१मध्ये बिल्सडेलच्या खांबाला आग लागली तेव्हा ईशान्य इंग्लंडमधल्या लाखो घरांतले टीव्ही एका दुपारी अंधारात गेले. हवेचा दाब वाढून आभाळ निरभ्र झालं की लांबच्या मनोऱ्यांचे, अगदी समुद्रापलीकडचेही, सिग्नल येऊन आपल्यात घुसतात. अशा दिवशी ट्यूनिंगला हात लावू नये. टीव्ही जवळच्या वाहिन्या गमावून बसतो आणि हवा पूर्ववत झाल्यावर पुन्हा सगळं करावं लागतं.

आपल्याकडे छपरावर काड्यांऐवजी ताटली आली. २००४च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली आजची डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. पुण्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर. ताटली मात्र बांधणीमुळे दिसते त्याहून बरीच वर बघत असते, म्हणून ती डोळ्याने लावता येत नाही. तिथेही त्याच दोन पट्ट्या. ताटली भलतीकडे असली तरी ताकदीची पट्टी भरलेली दिसते, कारण ताटलीसमोरच्या एलएनबीची स्वतःची खरखरही तिच्यात मोजली जाते; नेमका उपग्रह सापडला की मगच गुणवत्तेची पट्टी उठते. जुलैच्या मुसळधार पावसात ती पडली आणि पाऊस ओसरल्यावर परत वर आली, तर काही करू नये. ऊन पडून दोन दिवस झाले तरी ती वर येत नसेल, तर एलएनबीचा कनेक्टर उघडावा, मधली तार काळवंडली आहे का बघावं, केबल वीतभर मागे कापून नवा कनेक्टर चढवावा आणि वरून रबरी टेप गुंडाळावा.