पहिल्या सिलिंडरची तक्रार

खंबाटकी घाट चढताना बाबांची २०१२ ची पेट्रोल गाडी मिस मारायला लागली. पिकअप मिळेना, स्टिअरिंगला हादरे बसत होते आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. हा दिवा नुसता पेटून राहिला तर सावकाश घर गाठता येतं. लुकलुकायला लागला की मात्र गाडी बाजूला घ्यावी. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा पार्ट निकामी होतो.

गाडी टो करून साताऱ्याला घरी आणली. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, चारही कॉइल टाकून घ्या." गाडी न बघता? मला पटेना.

स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे नियम बराच नंतर आला. त्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर बसवला, इंजिन बंद ठेवून चावी फिरवली आणि फोन जोडला. कोड आला पी०३०१. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पहिलं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड, तीन म्हणजे ठिणगीची किंवा मिसफायरची गडबड आणि शेवटी एक म्हणजे पहिला सिलिंडर.

पण कुठला पार्ट गेलाय, हे कोड सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. म्हणून आधी कोड आणि त्या क्षणाचे आकडे, म्हणजे वेग, आरपीएम, तापमान, बाबांच्या पेट्रोलच्या वहीत उतरवून घेतले. कोड पुसला की तेही जातात, म्हणून पुसायची घाई करू नये.

इंजिन गार झाल्यावर दहाच्या पान्याने दोन बोल्ट काढले. बेल्टच्या बाजूची, पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची पहिल्यावर. कपलर टक्‌ आवाज येईपर्यंत दाबले. मग कोड पुसून गाडी जागेवरच चालू केली. तीच थरथर. थोड्या वेळाने पुन्हा कोड पाहिला: पी०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता! पी०३०१ च राहिला असता, तर प्लग तपासावा लागला असता.

एकच कॉइल आणली. उरलेल्या तीन अजून त्याच आहेत.