खडूची एक रेघ

गाडीचं बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि बेल्टच्या बाजूने खाली वाकून बघा. हात लांब ठेवून. मोकळी बाही, ओढणी, गळ्यातली चेन यांना तिथे मज्जाव आहे. अगदी तळाशी बशीएवढी एक काळी चकती गरगरताना दिसेल. ती क्रँक पुली. गाडी नुसती गुरगुरत उभी असते तेव्हाही ती सेकंदाला तेराएक गिरक्या घेते, आणि तरी तिची कड थिजल्यासारखी दिसते. भोवरा ऐन भरात असताना दिसतो ना, तशी! आता तोच भोवरा दमून मान टाकायला लागतो तेव्हाचा आठवा. पुलीची कड तशी आत-बाहेर डुलताना दिसली की मेकॅनिक म्हणतो, "पुली आउट आहे."

आउट आहे म्हणजे नेमकं काय झालंय? ते कळायला आधी या चकतीची मूळ भानगड समजायला हवी.

पुलीचं दिसणारं काम सोपं आहे. बेल्ट फिरवायचा, बेल्टने अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवायचा. एवढ्यासाठी ती इतकी जड कशाला? नीट पाहिलंत तर आणखी एक गंमत दिसेल. बहुतेक गाड्यांत पुली अखंड नसतेच. मधे हब, बाहेर लोखंडी कडं आणि दोघांमध्ये रबराची एक पट्टी. इंजिन 3000 फेऱ्यांवर गेलं की पंधरा सेंटिमीटरच्या पुलीची कड ताशी 85 किलोमीटर वेगाने धावत असते, आणि तेवढ्या वेगातलं ते जड कडं फक्त रबराने धरून ठेवलेलं असतं. कुणाला सुचलं हे?

त्याचं मूळ ही पुली ज्याच्या टोकाला बसते त्या क्रँकशाफ्टमध्ये आहे. हा पोलादी दांडा आपल्याला वज्रासारखा वाटतो, पण इंजिनाच्या लेखी तो पिळून ठेवलेला ओला टॉवेल आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 100 दणके. प्रत्येक दणक्याला दांडा किंचित पिळतो आणि उलट उसळतो. हा पीळ डोळ्यांना दिसण्याजोगा नाही. पण झोपाळ्याला नेमक्या क्षणी बोटाने ढकलत राहिलं तर काय होतं? एका ठरावीक वेगाला दणक्यांचा ठेका दांड्याच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळतो आणि झोका वाढत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांबलचक दांड्यांची सहा सिलिंडरची इंजिनं आली, तेव्हा या पिळापायी क्रँकशाफ्ट चक्क मोडत होते.

त्यावर हेन्री रॉइस यांनीही डोकं लढवलं आणि फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्यानेही. लँचेस्टरने 1910 मध्ये सुचवलेली युक्ती ऐकायला वेडगळ वाटते. दांड्याच्या टोकाला एक छोटं चाक बसवायचं, पण घट्ट आवळायचं नाही! दांडा एकसारखा फिरतोय तोवर चाक त्याच्याबरोबर निमूट फिरतं. दांडा पिळून उसळला की जडशीळ चाक मागे रेंगाळतं, दोघांची घासाघीस होते आणि त्यात उसळीचा जोर जिरून जातो. आजच्या पुलीत ते जिरवण्याचं काम रबर करतं. तैपेई 101 या 508 मीटर उंच इमारतीत वाऱ्याचे हेलकावे शमवायला 660 टनांचा गोळा टांगलाय. आपल्या बॉनेटखालची पुली त्याच घराण्यातली.

पण रबर म्हातारं होतं. इंजिनाची धग, गळणारं तेल आणि वर्षं. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव उन्हाळ्यात लाकूड आटलं की सैल होते, अगदी तसं पुलीचं कडं हबवर सरकायला लागतं. कधी गोल गोल घसरतं, कधी एका बाजूला बाहेर येतं. बेल्टच्या कडेचे धागे निघतात, चीं चीं आवाज येतो, डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लुकलुकतो. बेल्ट बदलला जातो, दोन महिन्यांत पुन्हा तेच.

आणि इतक्या गहन यंत्राची तपासणी कशाने करायची? खडूने! इंजिन बंद करा, हबपासून कड्यापर्यंत रबरावरून एक सरळ रेघ ओढा. गाडी चालू करून दोन-चारदा रेस करा, बंद करा, पुन्हा बघा. रेघ रबरापाशी तुटली असेल, अर्धी इकडे अर्धी तिकडे, तर कडं घसरलंय. मला ही चाचणी कुठल्याही स्कॅनरपेक्षा जास्त आवडते.

रेघ शाबूत आहे, पण डुलणं आहेच? मग नजर मधोमध न्या. कड्याबरोबर हबही डुलत असेल तर संशय मधल्या बोल्टवर. हा बोल्ट कित्येक गाड्यांत 100 न्यूटन-मीटरच्या वर आवळतात, म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोची पिशवी टांगल्यावर पडेल त्याहून जास्त जोर. खाचेतली छोटी चावी पुली फिरू देत नाही असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक इंजिनांत ती फक्त जागा नेमून देते. भार पेलतं ते बोल्टच्या आवळणीतून आलेलं घर्षण. बोल्ट ढिला पडला की सगळा भार त्या चिमुकल्या चावीवर येतो, ती खाच खात जाते आणि बोल्टच्या भोवती तांबूस गंजाची पूड साचते. इंजिनातून ठक ठक येते, हुबेहूब बेअरिंग गेल्यासारखी. या आवाजावर विश्वास ठेवून कुणी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवायला घेतला, तर पुलीकडे पाहिलंय का एवढं विचारायला लाजू नका. काही इंजिनांत हाच बोल्ट वॉल्व्हची वेळ सांभाळणारं टायमिंगचं गिअरही धरून ठेवतो. तिथे चालढकल केली तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.

एक तिसरी शक्यता उरते. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी क्लच दाबायला सांगा. अख्खी पुली ठळकपणे बाहेर सरकली आणि सोडल्यावर मागे ढकलता आली, तर दोष पुलीचा नाहीच, दांड्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या आतल्या थ्रस्ट वॉशरचा आहे. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी हालचाल चालते, त्याहून जास्त नाही.

जुन्या गाड्यांत तर घसरलेलं कडं आणखी एक चकवा देतं. ठिणगीच्या टायमिंगची खूण त्याच कड्यावर कोरलेली असते. कडं फिरलं की खूणही फिरते, आणि मेकॅनिक टायमिंग लाइट धरून त्या खुणेबरहुकूम चांगलं इंजिन बिघडवून ठेवतो.

अशी पुली काढून हातात घेतली तर कधीकधी कडं बांगडीसारखं अलगद वेगळं निघतं. हबवर उरलेल्या रबरावरून नख फिरवलं की काळा भुगा पडतो.