पानातील ओल

चैत्र-वैशाखात मंद्रूपच्या परिसरातील हवा इतकी कोरडी होते की, टेंभुर्णीचे वाळलेले पान चिमटीत धरताच तडकावे. वाळलेले पान भोवतीच्या हवेतील बाष्प घेते, तसेच सोडतेही. जवळच सोलापुरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. त्या पाने पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळतात व मऊ झाल्यावर कातरतात. ओल कमी पडल्यास पान फाटते. अधिक झाल्यास त्यावर बुरशी चढते. सदोष विडी छाटीत जाते आणि तिची मजुरी बुडते. वळलेल्या विड्या पुढे भट्टीत शेकतात. चिरूट मात्र असे वाळवीत नाहीत. त्यांच्या पेटीत सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखतात. तेथे ओल आर्द्रतामापक दाखवितो; सोलापुरात ती बोटांनीच ओळखावी लागते.