रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’, पण कधीचा?

1941 साल. सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. कित्येकांच्या हृदयातही दोष होता. इतकी बाळं एकाच हंगामात कशी, या प्रश्नाने ग्रेग बेचैन झाले आणि आयांची विचारपूस करू लागले. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची, मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी नोंदवलेल्या 78 बाळांपैकी 68 जणांच्या आयांना गरोदरपणात हा आजार झाल्याचं आठवत होतं.

उरलेल्या दहा जणींचं काय? त्यांना काही आठवत नव्हतं, आणि रक्ताला विचारायची सोय तेव्हा नव्हती.

न आठवण्यात नवल नाही. रुबेला हा भलताच सौम्य आजार. किंचित ताप, कानामागे गाठी, तीन दिवसांत मावळणारं पुरळ. पुष्कळांना तर पुरळही उठत नाही. 1866 मध्ये हेन्री वील या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने भारतातल्या एका साथीचं वर्णन करताना त्याला ‘रुबेला’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘लालसर’. नाव गोड, आजारही किरकोळ. पण गर्भारपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत तो झाला, तर बाळाला इजा होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. वीस आठवड्यांनंतर ती जवळपास उरत नाही. म्हणून ‘रुबेला झाला होता का’ याच्या इतकंच ‘नेमका कधी झाला’ हेही कळावं लागतं.

1962 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा केला आणि रक्ताच्या तपासणीची वाट मोकळी झाली. पाठोपाठ 1964-65 च्या साथीत अमेरिकेत सुमारे 20 हजार बाळं जन्मजात रुबेला घेऊन जन्मली.

तपासणी शोधते ती प्रतिपिंडं. विषाणू शिरला की शरीर आधी आयजीएम नावाची प्रतिपिंडं तयार करतं. पुरळ उठल्यावर चार-पाच दिवसांत ती बहुतेकांच्या रक्तात सापडतात आणि साधारणपणे दोन-तीन महिन्यांत ओसरतात. मागून येणारी आयजीजी मात्र मुक्काम ठोकते, बहुधा जन्मभरासाठी. थोडक्यात, आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, नुसती आयजीजी म्हणजे जुना संसर्ग किंवा लस.

आपल्याकडे गरोदरपणात रुबेलासकट काही संसर्गांसाठी होणाऱ्या ‘टॉर्च’ तपासणीचा कागद हातात आला की घरात धास्ती पसरते ती पुष्कळदा या आयजीजीमुळेच. खरं तर आयजीएम नसताना आलेली पॉझिटिव्ह आयजीजी ही दिलाशाची बातमी असते. तिचा आकडा मोठा दिसला म्हणून संसर्ग कालचा ठरत नाही.

खरा घोळ आयजीएमचा. काही जणींच्या रक्तात ती वर्षभरही रेंगाळते. पार्व्होव्हायरससारख्या दुसऱ्याच विषाणूमुळे किंवा संधिवातात आढळणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरमुळे चाचणी फसते. उलट, पुरळ उठल्या दिवशीच रक्त घेतलं तर खरा संसर्ग असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा पुरळ नाही, रुग्णाशी संपर्क नाही, अशा गरोदर बाईची उगाच आयजीएम तपासून ठेवणं म्हणजे विकतचं दुखणं घेणं.

या पेचातून सुटण्याची एक नामी युक्ती फिनलंडमधून आली. क्लाउस हेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1988 मध्ये दाखवलं, की आयजीजी किती आहे यापेक्षा ती विषाणूला किती घट्ट धरते हे पाहावं. नवखी आयजीजी विषाणूला सैलसर धरते. पुढच्या काही महिन्यांत शरीर तिच्यात सुधारणा करत जातं, अधिक घट्ट धरणाऱ्या प्रतिपिंडांची निवड होते. या घट्टपणाला ‘ॲव्हिडिटी’ म्हणतात. तो मोजायला वापरतात चक्क युरिया, शेतात खत म्हणून टाकतात तोच. विषाणूच्या प्रथिनांना चिकटलेली प्रतिपिंडं युरियाच्या द्रावणाने धुतली, की सैल पकडीची निसटून जातात, पक्क्या पकडीची टिकतात. धुतल्यावर किती उरली, यावरून संसर्गाच्या वयाचा अंदाज येतो.

समजा, नऊ आठवड्यांच्या गरोदर बाईची आयजीएम पॉझिटिव्ह आली, पण ॲव्हिडिटी भक्कम निघाली. मग संसर्ग बहुधा तीन महिन्यांहून जुना, म्हणजे गर्भ राहण्याआधीचा. ॲव्हिडिटी कमी आली तर मात्र शंका बळावते. ‘मध्यम’ असा उत्तर टाळणारा निकालही येतो. तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, शेजारी शेजारी ठेवून तपासायचे. आयजीजी चौपट वाढलेली दिसली, तर संसर्ग अलीकडचा. हे दोन-तीन आठवडे त्या घराला किती लांब वाटत असतील! पण एकट्या आयजीएमवर गर्भपाताचा निर्णय घेण्यापेक्षा ही वाट पाहणं परवडलं.

गोवर-रुबेला लसीकरणाची देशव्यापी मोहीम फेब्रुवारी 2017 मध्ये पहिल्या पाच प्रदेशांत सुरू झाली, त्यात गोवा होता. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर 2018 मध्ये पोचली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलामुलींना शाळाशाळांत, अंगणवाड्यांत इंजेक्शनं दिली गेली. त्यातल्या मोठ्या मुली आता विशीत आल्या आहेत. आजार जसजसा दुर्मिळ होतो, तसतसं आयजीएमच्या पॉझिटिव्ह निकालांत खोट्यांचं प्रमाण वाढत जातं. उद्या यांच्यापैकी कुणाच्या टॉर्चच्या कागदावर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असं छापून येईल, तेव्हा डॉक्टरांना सगळ्यात आधी हवं असेल ते लसीचं कार्ड, आणि त्यावरची तारीख.